तीनचे फोटो आणि नडणारी चौथी गोष्ट

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरातले, रस्त्यावरचे आणि प्रवासातले फोटो 'तीन' या एकाच धाग्यात ओवायचे आहेत. तीन कप, तीन रिक्षा, तीन मुलं असे बरेच फोटो जमले, पण एकत्र पाहिले की नुसती मोजदाद केल्यासारखे वाटतात. जवळ एपीएस-सी (मध्यम आकाराच्या) सेन्सरचा साधा कॅमेरा, त्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स आणि फोन आहे. मुक्काम पुण्यात. काय बदलावं?

उत्तर जरा लांबणार आहे.

तुम्ही तीन गोष्टी शोधताय आणि त्या सापडल्या की लगेच बटण दाबताय, असं दिसतंय. कॅमेरा मात्र चौकटीतलं सगळंच घेतो. तीन कपांच्या मागचा स्टीलचा डबा, तीन रिक्षांना खेटून उभी असलेली अर्धी स्कूटर, मुलांच्या मागून पिशवी घेऊन चाललेल्या काकू. तीन-चार वस्तूंपर्यंतचा आकडा आपला डोळा न मोजता ओळखतो, त्यापुढे गेलं की मोजावं लागतं. चौकटीत चौथी ठळक गोष्ट शिरली की 'तीन' अशी झटक्यात होणारी ओळख जाते आणि फोटो ना तीनात ना तेरात असा होतो. तेव्हा तीन दिसल्यावर पुढचं काम म्हणजे चौथी गोष्ट शोधणं.

ती शोधायची रीत सोपी आहे. डोळे किलकिले करा. बारीकसारीक तपशील पुसला जातो आणि फक्त उजेडाचे नि काळोखाचे गोळे उरतात. ते गोळे किती, ते बघा. फोनवर असाल तर पडद्यावरचं दृश्य कृष्णधवल करून बघा. लाल बादली किंवा पिवळा फलक यांचा गोंधळ निघून जातो आणि मांडणी उघडी पडते. मग चारही कडांवरून एकदा नजर फिरवा. बहुतेक वेळा चौथी गोष्ट मध्यभागी नसते, कोपऱ्यातून डोकावत असते.

ती बाहेर घालवायला आधी पाय वापरा. अर्धं पाऊल डावीकडे सरकलात की मागचा खांब तिघांपैकी एकाच्या आड जातो. गुडघ्यावर बसलात की मागच्या गाड्या जातात आणि मागे आभाळ किंवा भिंत येते. उभ्या उभ्या खाली रोखलात की जमीनच पार्श्वभूमी होते. मंडईत हा उपाय सगळ्यात जास्त चालतो. कोणी मध्ये येत असेल तर थांबा, तो जाणारच आहे. एवढं करून जमलं नाही तरच ॲपर्चर (लेन्समधलं भोक) मोठं करून मागचं धूसर करा. बारा-पंधरा फुटांवरच्या तीन माणसांमागची गर्दी १८-५५ लेन्सने फारशी धूसर होत नाही, त्यामुळे या उपायावर भिस्त ठेवू नका. खोडरबरवाली ॲप्स घरच्या अल्बमसाठी ठीक आहेत. प्रदर्शनाला किंवा स्पर्धेला द्यायच्या फोटोत चौथी गोष्ट पुसून तीन केल्या, तर तो फोटो बाद होऊ शकतो.

चौथी गोष्ट गेली की उरतात तिघांमधल्या जागा, आणि फोटो खरा तिथेच जमतो किंवा बिघडतो. सारख्या आकाराच्या तीन वस्तू सारख्या अंतरावर, एका रेषेत ठेवल्या की कुंपण दिसतं. दोन जवळ आणि एक जरा लांब ठेवली की लगेच काहीतरी घडल्यासारखं वाटतं: दोघांचं जमलंय, तिसरा बाजूला पडलाय. फार लांब नेली तर मात्र दोन आणि एक असे वेगळेच फोटो होतात. वस्तूच्या रुंदीच्या अर्ध्याइतकी एक फट आणि दीडपट दुसरी, इथून सुरुवात करा.

अमृततुल्यच्या काउंटरवरचे चहाचे तीन ग्लास घ्या. असा ग्लास वर साधारण ६ सेंटिमीटर रुंद असतो. दोन ग्लासांत ३ सेंटिमीटर फट, तिसरा ८-९ सेंटिमीटरवर आणि पाच-एक सेंटिमीटर मागे. कॅमेरा ग्लासांच्या काठापेक्षा किंचित वर, म्हणजे चहाचं वर्तुळ चपटं का होईना पण तिन्हींत दिसेल. अगदी समोरून, काठाच्या पातळीवर कॅमेरा आणला तर ते वर्तुळ दिसतच नाही, नुसती ग्लासाची बाजू दिसते. उजेड बाजूने किंवा किंचित मागून हवा. दुकानं रस्त्याकडे उघडी असल्याने आत उभं राहून रस्त्याच्या दिशेने घेतलं की तो आपोआप मिळतो. वाफ हवी असेल तर तिच्या मागे काळं काहीतरी लागतं. पांढऱ्या टाइल्ससमोर वाफ कधीच दिसत नाही, मग चहा कितीही कढत असो. ओतल्यावरचा फेस मिनिटभरात बसतो, म्हणून चौकट, फोकस, एक्स्पोजर (उजेड किती घ्यायचा ते) सगळं रिकाम्या ग्लासांवर आधी ठरवून ठेवायचं आणि मग चहा ओतायला सांगायचं.

इथे फोकसची हमखास चूक होते. ५० मिलिमीटरवर, ६० सेंटिमीटर अंतरावरून, एफ/५.६ ला (एफचा आकडा जितका मोठा, तितकं भोक लहान) जेमतेम ३ सेंटिमीटर जाडीचा पट्टा स्पष्ट येतो. मागे सरकवलेला तिसरा ग्लास त्यात बसत नाही आणि चुकून धूसर झाल्यासारखा दिसतो. एफ/११ ला तो पट्टा सहा-साडेसहा सेंटिमीटरचा होतो. एक तर एफ/११ घ्या आणि पुढच्या जोडीच्या जरा मागे फोकस करा, किंवा तिसरा चांगला वीतभर मागे नेऊन त्याला उघडपणे धूसर होऊ द्या. अर्धवट धूसर सगळ्यात वाईट. फोनचा पोर्ट्रेट मोड तर तिघांच्या फोटोत बंदच ठेवा. तो एकाला धरतो आणि उरलेल्या दोघांचे कान-खांदे खातो.

लांबच्या विषयांना हाच हिशेब सैल होतो. तीन माणसं दीड मीटर, दोन मीटर आणि तीन मीटरवर उभी असतील, तर ३५ मिलिमीटरवर एफ/११ ठेवून दोन मीटरवाल्यावर फोकस करा, साधारण १.५ ते ३.१ मीटरपर्यंत सगळं नीट येतं. अंतराच्या बरोबर मध्यावर, म्हणजे सव्वादोन मीटरवर, फोकस केला तर पुढचा माणूस हातातून सुटतो, कारण स्पष्टतेचा पट्टा फोकसच्या पुढे कमी आणि मागे जास्त पसरतो. लक्ष्मी रोडवर चालता चालता फोटो काढायचे असतील तर २४ मिलिमीटर, एफ/८, फोकस हाताने ३ मीटरवर ठेवून द्या. १.६ मीटरपासून जवळजवळ १८ मीटरपर्यंत काम होतं आणि फोकस लागण्याची वाट बघत तीन शाळकरी मुली पुढे निघून जात नाहीत.

कडांचं एक. दोन वस्तूंच्या कडा एकमेकींना नुसत्या टेकत असतील तर डोळा तिथेच अडकतो. एक तर पाव भाग झाकला जाईल इतकं एकावर दुसरं येऊ द्या, नाहीतर स्पष्ट फट ठेवा. चौकटीच्या कडेलाही हाच नियम. आणि तृतीयांशाचा नियम, म्हणजे कॅमेऱ्यातल्या त्या दोन उभ्या नि दोन आडव्या रेषा, याचा तीन वस्तूंशी काही संबंध नाही. तीन गोष्टी तीन रकान्यांत एकेक बसवल्या तर पुन्हा कुंपणच होतं.

आता विषय. तुमच्याकडे एकच प्रकारचे तीन आहेत: सारख्या तीन वस्तू. तीन आणखी बऱ्याच तऱ्हांनी येतात. एकाच वस्तूचे तीन अवयव, एकाच जागेच्या तीन वेळा, तीन रंग, पुढचा-मधला-मागचा असे तीन थर, तीन वेगवेगळ्या वस्तू ज्यांना एकच कामधंदा जोडतो. मालिका कंटाळवाणी होते ती याच कारणाने, की पहिल्या तऱ्हेतून बाहेर पडलं जात नाही.

रिक्षाच बघा. स्टँडवरच्या तीन रिक्षा कोणीही काढतो. एकाच रिक्षाची तीन चाकं एका फोटोत आणणं जास्त मजेचं आहे, कारण बाजूने पाहिलं तर दोनच दिसतात. समोरून, कॅमेरा जमिनीपासून एक-दीड फुटावर आणा: पुढचं चाक मध्ये मोठं, मागची दोन दोन्ही अंगांना लहान, आणि तुम्हाला आयता त्रिकोण मिळतो. चाकाखालचा रस्ता उजळ हवा, नाहीतर काळं टायर काळ्या डांबरात बुडतं. सकाळी तिरकं ऊन गाडीखाली शिरतं तेव्हा हे जमतं. पिवळ्या हुडावर ऊन पडलं की लाल रंगाची माहिती सगळ्यात आधी उडते आणि पिवळा सपाट, खडूसारखा दिसतो. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) तिन्ही रंगांचा वेगळा बघा आणि एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप कमी करा; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट. चालती रिक्षा धरून मागचं पळवायचं असेल तर शटर १/३० सेकंद, रिक्षाच्या वेगाने कंबरेतून वळा आणि बटण दाबल्यानंतरही वळणं चालू ठेवा. दहातले आठ वाया जातील, हे गृहीत धरा.

चौकातल्या सिग्नलचे तीन दिवे एकदम कधी लागत नाहीत, म्हणून तीन फोटो वेगळे घेऊन शेजारी लावावे लागतात किंवा एकावर एक चढवावे लागतात. कॅमेरा तिवईवर, सगळं मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे रंग जुळवणारी सोय) 'डेलाइट'वर बांधलेला. पिवळा जेमतेम तीन ते पाच सेकंद टिकतो, त्याच्यासाठी सरसकट पाच-सहा फोटोंचा धडाका लावा. संध्याकाळी आभाळ निळं असेपर्यंत घ्या. पूर्ण अंधारात दिवे नुसते पांढरे गोळे होतात. एलईडी दिवे आपल्या डोळ्यांना स्थिर दिसले तरी सेकंदाला शंभर किंवा त्याहून जास्त वेळा लुकलुकतात, त्यामुळे १/५०० ला दिवा विझलेला सापडू शकतो. १/५० ठेवा. एकत्र करताना थराचा प्रकार 'लाइटन' निवडला की तिन्ही दिवे पेटलेले दिसतात आणि बाकीचं दृश्य आहे तसंच राहतं.

घरातला पंखा हा फसवा विषय. तीन पाती आहेत म्हणून कॅमेरा वर धरायचा मोह होतो. पूर्ण वेगात पंखा मिनिटाला तीन-साडेतीनशे फेऱ्या मारतो, पात्याचं टोक सेकंदाला वीसेक मीटर पळतं. म्हणजे १/१००० ला सुद्धा ते दोन सेंटिमीटर सरकतं. फोनचा सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे पाती केळ्यासारखी वाकतात. बटण बंद करा, पंखा मंदावला की १/१२५ ला घ्या.

दुपारी १ ते ४ हे पुण्याचे जगप्रसिद्ध तीन तास आहेत. जुन्या पेठांत त्या वेळी ओळीने बंद शटर्स मिळतात. ऊन डोक्यावर असल्याने रंग फिके येतात, पण शटरच्या आडव्या पट्ट्यांवर छोट्या, घट्ट सावल्या पडतात आणि त्याच कामाला येतात. तीन शटर्स सरळ समोरून, कॅमेरा भिंतीला अगदी समांतर. किंचित जरी तिरका झाला तरी पट्ट्या उतरत्या दिसतात आणि ते चुकीसारखं वाटतं. मधल्या शटरवर पाटी असेल तर उत्तम; पाटीवरचा मजकूर वाचता येईल इतकं जवळ जा, पुणेरी पाटी लांबून काढण्यात काही अर्थ नाही.

मंडईत वाटे लावलेले असतात. लिंबांचे, मिरच्यांचे, आल्याचे. गोणपाटावर आठ-दहा वाटे असतील तर त्यातले तीनच चौकटीत घ्यायला सरळ वरून, हात लांब करून घ्यावं लागतं, आणि चौथ्या वाट्याची कड कापताना ती अर्धवट राहणार नाही हे बघावं लागतं. १८८६ सालच्या जुन्या इमारतीत आत उजेड कमी आणि मिसळलेला असतो, बाहेरचा दिवसाचा निळसर, गाळ्यावरच्या दिव्याचा पिवळसर. कॅमेऱ्याला ठरवू दिलं तर प्रत्येक फोटोचा रंग वेगळा येतो. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलमध्ये घ्या, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० ते ३२०० ला घाबरू नका, आणि एका गाळ्यावरचे सगळे फोटो एकाच व्हाइट बॅलन्सने उघडा. सकाळी लवकर माल लागत असताना गेलात तर विक्रेते कामात असतात. आधी थोडं काहीतरी विकत घ्या, मग विचारा.

बेलाचं पान जवळून घ्यायला सोपं आणि तरी कोणी नीट घेत नाही. त्याची तीन दलं सारखी नसतात. बाजूची दोन समोरासमोर, जवळजवळ देठाविना बसलेली. मधलं त्यांच्यापुढे लांब देठावर, बहुधा मोठं. म्हणजे जागांचं गणित पानानेच सोडवून दिलंय. पान सपाट पृष्ठभागावर ठेवून वरून घेतलं तर वनस्पतिशास्त्राच्या वहीतल्यासारखं दिसतं. ते खिडकीसमोर धरा, उजेड पलीकडून येऊ द्या. शिरा आणि पानभर असलेले तेलाचे बारीक ठिपके उजळतात. लेन्स पानाला समांतर ठेवा, नाहीतर एक दल सुटतं. १८-५५ लेन्स साधारण २५ सेंटिमीटरपेक्षा जवळचं धरत नाही, हे अंतर सेन्सरपासून मोजतात. वाळत आलेलं पान कडांना वळतं, म्हणून फुलवाल्याकडून सोमवारी सकाळी घ्या. त्या दिवशी ताजं मिळतं.

पुण्यात तीनचा सगळ्यात श्रीमंत विषय सोमवार पेठेत आहे: त्रिशुंड गणपती. १७५४ मध्ये काम सुरू झालं आणि १७७० मध्ये गणपतीची स्थापना झाली असं हे दगडी देऊळ; नागझरीच्या काठचं, बाहेरून लहान आणि दर्शनी भिंतीवर इतकं कोरीवकाम की कुठे बघावं कळत नाही. मूर्ती मोरावर बसलेली, तीन सोंडांची, सहा हातांची. मधली सोंड पोटावर रुळते. समोरून, छातीच्या उंचीवरून घेतलं की ती अंगाच्याच रंगात मिसळून जाते आणि दोनच सोंडा वाचल्या जातात. पूजा-सजावट झाल्यावर हार आणि वस्त्र आडवं येतं तेव्हा तर आणखीच. मूर्ती मोकळी दिसेल अशी वेळ पुजाऱ्यांना विचारून घ्या, परवानगीही तेव्हाच घ्या, फ्लॅश नको. समोरून सपाट पडलेल्या उजेडात उठाव मरतो. बाजूच्या समईचा किंवा दाराकडून तिरका येणारा उजेड सोंडेच्या एका कडेला सावली देतो आणि ती सुटी होते. तुम्ही अर्धं पाऊल बाजूला उभे राहिलात तरी पुरतं. गाभाऱ्यात १/३० सेकंद, एफ/४, आयएसओ ३२०० च्या आसपास जावं लागेल. दाराच्या चौकटीला खांदा टेका, श्वास सोडून बटण दाबा.

याच देवळात गाभाऱ्याच्या भिंतींवर तीन शिलालेख आहेत, दोन संस्कृत आणि एक फारसी. तीन लेख, दोन लिप्या. तीन फोटोंची एक पट्टी म्हणून हे फार चांगलं आहे, पण कोरीव अक्षरं समोरच्या उजेडात वाचता येत नाहीत. कोणालातरी फोनचा टॉर्च भिंतीच्या अगदी जवळ, पृष्ठभागाला १०-१५ अंशांत धरायला सांगा. देवनागरीला उजेड डावीकडून वरून दिला की शिरोरेघा नि उभे काने दोन्ही उठतात; नुसता डावीकडून दिला तर आडव्या शिरोरेघा गायब होतात. तिन्ही लेखांना उजेडाची दिशा एकच ठेवा. दिशा बदलली की एका फोटोत अक्षरं खोल आणि दुसऱ्यात फुगीर दिसायला लागतात, तो डोळ्यांचा जुना घोटाळा आहे. खडू, पीठ, पाणी काहीही भिंतीला लावायचं नाही.

जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वराच्या लेण्यातही आत तीन गर्भगृहं आहेत. खांबांच्या रांगेतून तिन्ही दारं एकदम दिसायला मागे मागे जावं लागतं आणि मग खांब आडवे येतात. अशा वेळी तीन दारांचा हट्ट सोडून खांबांमधल्या तीन फटी घ्या. हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, तिवई लावायला परवानगी लागते. हातात धरूनच काम करायचं, या हिशेबाने जा.

प्रवासातला तीनचा धागा हवा असेल तर लांब जायला नको. कार्ले, भाजे आणि बेडसे. तीन लेणी, तिन्ही मावळात, तिन्हींत चैत्यगृह (स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन), तिन्ही इसवी सनाआधीच्या दुसऱ्या शतकापासून पुढच्या दोन-तीनशे वर्षांतली. पुणे-लोणावळा लोकलने कामशेतला उतरलं की बेडसे, मळवलीला उतरलं की एका बाजूला भाजे आणि दुसऱ्या बाजूला कार्ले. बहुतेक लोक तिन्ही एका दिवसात उरकतात आणि तीन वेगळ्याच जागांचे फोटो घेऊन येतात. इथे चौथी गोष्ट म्हणजे उजेडाचा फरक. बेडसेचं तोंड पूर्वेला आहे, सकाळचं ऊन दारातून आत येतं. भाजे आणि कार्ले पश्चिमेकडे बघतात, तिथे दुपारनंतर. तेव्हा क्रम ठरलेला: बेडसे सकाळी उघडल्या उघडल्या, भाजे दुपारी साडेतीननंतर, आणि कार्ले दुसऱ्या दिवशी, कारण संध्याकाळी बंद व्हायच्या आत दोन्ही ठिकाणी चांगला उजेड धरणं अवघड जातं. कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाची गर्दी असते, रविवार आणि नवरात्र-चैत्र टाळा.

तिन्ही ठिकाणी एकच मांडणी ठरवा आणि ती मोडू नका: १८ मिलिमीटर, कॅमेरा छातीच्या उंचीवर, चैत्याच्या मध्यरेषेवर, स्तूपाचा मध्य चौकटीच्या मध्यावर. मध्यरेषा डोळ्यांनी ठरत नाही. डाव्या आणि उजव्या रांगेतला पहिला खांब चौकटीच्या कडेपासून सारख्या अंतरावर येईपर्यंत सरका. कॅमेरा वर वाकवू नका, खांब आत झुकतात. वरची कमान हवी असेल तर उभी चौकट घ्या आणि नंतर खालचं कापा. दर्शनी भाग तिन्हींचा वेगळा आहे. भाज्याचा समोरचा लाकडी भाग गेल्याने चैत्य उघडा आणि उजेड भरपूर, बेडसेला ओसरी, कार्ल्याला दगडी पडदाभिंत आणि वर मोठी कमानदार खिडकी. त्यामुळे एक्स्पोजर तिन्हीकडे वेगळं ठेवावंच लागेल, पण स्तूपाचा उजळपणा तिन्ही फोटोंत सारखा येईल असं मोजा, म्हणजे स्पॉट मीटर (एका ठिपक्यापुरता उजेड मोजणारं) स्तूपाच्या अंडावर, म्हणजे घुमटासारख्या भागावर, धरा. मग तीन फोटो शेजारी ठेवले की मांडणी दिसेनाशी होते आणि तीन इमारतींमधला फरक पुढे येतो: खांबांचा तिरकेपणा, स्तूपाची उंची, छताच्या लाकडी फासळ्या कुठे आहेत आणि कुठे नाहीत.

भाज्याला स्तूपांचा एक गट आहे, एकूण १४. चौदातले तीन निवडणं हा या सगळ्या प्रकरणाचा उत्तम सराव. जवळचे, लांबचे, अर्धे झाकलेले असे सगळे हाताशी आहेत आणि कोणी हलत नाही.

पावसाच्या सुरुवातीला मावळात किंवा पुरंदर-बारामतीच्या बाजूला तिफण, म्हणजे बैलांनी ओढायचं पेरणीचं अवजार, चालताना दिसली तर थांबा. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रामुळे ती कमी होत चालली आहे. तीन फण, तीन नळ्या, वर बी सोडायचं चाडं आणि त्यात मूठ सोडणारी बाई. बाजूने घेतली तर बैलच फोटो खातात. मागून, कॅमेरा गुडघ्याच्या खाली, तीन काकऱ्या तुमच्याकडून तिफणीकडे निमुळत्या होत जातील असं उभं राहा. ओली माती काळी असते, मीटर फसतं आणि फोटो फिकट येतो. एक्स्पोजर एक स्टॉप कमी. आणि पेरलेल्या काकरीत पाय देऊ नका. बांधावरून विचारा, हो म्हणाल्यावरच वावरात उतरा.

रंगांचे तीन हा वेगळाच प्रकार. १८६१ साली मॅक्सवेल या भौतिकशास्त्रज्ञाने लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून घेतलेले तीन फोटो एकावर एक टाकून रंगीत चित्र दाखवलं, त्याचंच उलटं करून बघता येतं. कॅमेरा तिवईवर, एक्स्पोजर बांधलेलं, ढगाळ दिवशी पर्वतीवरून शहर आणि आभाळ असे तीन फोटो वीस-वीस सेकंदांच्या अंतराने. तिन्ही कृष्णधवल करा. गिंप हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात 'कंपोज'मध्ये पहिला लाल, दुसरा हिरवा, तिसरा निळा म्हणून द्या. जे हललं नाही ते करडं राहतं, ढगांना मात्र रंगीत कडा येतात. वारा जास्त असेल तर अंतर पाच सेकंदांवर आणा, नाहीतर नुसता रंगांचा चिखल होतो. तिवई हलली तर घरांनाही रंगीत कडा येतात आणि सगळा खेळ फसतो, म्हणून बटण हाताने न दाबता दोन सेकंदांच्या टायमरवर ठेवा.

माणसांचं थोडक्यात. 'तीन तिघाडा काम बिघाडा' म्हणतात, पण कट्ट्यावर बसलेले तिघे आजोबा फोटोला चांगलेच असतात. तिघांची डोकी एका उंचीवर नसावीत आणि तिघांची नजर एका दिशेला नसावी. 'काका, एक फोटो काढू का?' विचारलं की पहिला फोटो ताठ येतो. तो घ्या, पडद्यावर त्यांना दाखवा, आणि ते पुन्हा आपल्या गप्पांत गुंतले की खरा फोटो घ्या. फोनच्या सगळ्यात रुंद लेन्सने घेऊ नका, कडेचा माणूस फुगतो. २एक्स लावून तीन मीटर मागे जा.

शेवटी निवड. सगळे फोटो चार-बाय-सहाच्या स्वस्त प्रिंट काढून जमिनीवर पसरा, पडद्यावर ही निवड होत नाही. सारख्या तीन वस्तूंचे फोटो एका ढिगात, बाकीचे दुसऱ्या ढिगात. पहिल्या ढिगातून तीनपेक्षा जास्त ठेवू नका, मग कितीही चांगले असोत. बारा फोटोंची मालिका पुरे. सुरुवातीला तीन सरळ दिसतील असे दोन फोटो, म्हणजे बघणाऱ्याला धागा कळतो. पुढे तीन शोधावे लागतील असे. फोटोखाली 'तीन' हा शब्द लिहू नका. जागा आणि वस्तू लिहा, बस. कुठल्या फोटोत तीन सापडायला दहा सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील, तर तो दुसऱ्या कोणालातरी दाखवा. त्यालाही नाही सापडले तर तो मालिकेतून काढा.

तीन फोटोंची पट्टी भिंतीवर लावायची असेल तर ८ बाय १२ इंचांच्या उभ्या प्रिंट घ्या, मध्ये दोन-दोन इंच जागा, एकूण रुंदी २८ इंच. ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) ८ बाय १२ ला २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, तुमच्या कॅमेऱ्याचे आणि १२ मेगापिक्सेलच्या फोनचेही पुरतात. फक्त फोनचा फोटो ४:३ असतो, तो ३:२ मध्ये कापल्यावर काय जातंय हे प्रिंटआधी बघा. कडेच्या दोन फोटोंतली माणसं किंवा रेषा आतल्या बाजूला जाणाऱ्या असाव्यात, जास्त वजनाचा फोटो मध्ये. तिन्ही प्रिंट एकाच दिवशी, एकाच कागदावर काढा. निरनिराळ्या दिवशी काढलेल्या प्रिंट्सच्या पांढऱ्यात फरक पडतो आणि शेजारी लावल्यावर तो लगेच दिसतो. मधला फोटो आधी लावा, त्याचा मध्य जमिनीपासून दीड मीटरवर, आणि कडेच्या दोघांचं माप त्याच्यापासून घ्या.